नव्या नोकरीत मानसिक आरोग्याच्या सुविधा: कुठे शोधायच्या, कशा वापरायच्या

नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात ढीगभर कागदांवर सह्या होतात. पीएफचं नामनिर्देशन, बँकेचा तपशील, लॅपटॉप मिळाल्याची पोच. त्याच ढिगात मेडिक्लेमचं पत्रक असतं, समुपदेशनाच्या हेल्पलाइनचा नंबर असतो आणि रजेचे नियम असतात. हे तिन्ही कागद वाचायचे राहून जातात. पुढे कधी झोप उडते, ऑफिसच्या नुसत्या विचारानं छातीत धडधडायला लागतं, आणि नेमक्या त्या दिवसांत चाळीस पानांची पॉलिसी वाचण्याचं त्राण उरलेलं नसतं. म्हणून ही माहिती तब्येत ठणठणीत असताना काढून ठेवायची. एक संध्याकाळ पुरते.

इथली माहिती भारतातल्या खासगी नोकरीला धरून आहे. रजेचे नियम महाराष्ट्रातले आहेत.

सगळ्यात आधी एक नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा: टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाला असेल किंवा स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर कंपनीची सुविधा, पॉलिसी, रजा यांतलं काहीही शोधत बसू नका. हा नंबर लावा, घरातल्या एखाद्याला शेजारी बसवा आणि जवळच्या रुग्णालयात जा. कागदपत्रांचं नंतर बघता येतं.

पायरी १: तुम्ही ईएसआयमध्ये आहात की ग्रुप मेडिक्लेममध्ये?

पगारपत्रक काढा. कपातीच्या रकान्यात ईएसआय लिहिलेलं असेल आणि पगाराच्या ०.७५ टक्के रक्कम कापलेली असेल, तर तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत आहात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी ही योजना आहे. अपंगत्व असल्यास मर्यादा २५,००० आहे. तुमच्या कपातीखेरीज मालक स्वतःचे ३.२५ टक्के भरतो.

ईएसआयकडे लोक सर्दी-तापाचा दवाखाना म्हणून पाहतात, हे मोठं नुकसान आहे. मनाच्या आजारावरचे उपचारही त्यात येतात आणि उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात. आजारपणात काम बंद राहिलं तर रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के रोख रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. नवख्यांची गाडी अडते ती इथे: पहिल्यांदाच योजनेत आलेल्याला ही रोख रक्कम लागू व्हायला साधारण नऊ महिने जातात, शिवाय सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. दीर्घ आजारांची ३४ नावांची एक वेगळी यादी आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर म्हणजे जुन्या भाषेतला मॅनिक-डिप्रेसिव्ह आजार, आणि तीव्र नैराश्याचा एक प्रकार त्या यादीत आहेत. अशा आजारात, सलग दोन वर्षं नोकरी झालेली असेल आणि वर्गणीची अट पुरी होत असेल, तर पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. हे पैसे मिळवायचे तर ईएसआयच्याच डॉक्टरचा दाखला लागतो. खासगी दवाखान्यात उपचार चालू असले तरी ईएसआयच्या दवाखान्यात नाव नोंदवून ठेवा, नाहीतर रोख रकमेसाठी खेटे घालावे लागतात.

पगारपत्रकावर ईएसआय नसेल तर बहुधा कंपनीनं ग्रुप मेडिक्लेम घेतलेला असतो. त्यासाठी पुढची पायरी.

पायरी २: पॉलिसीची खरी प्रत मागवा आणि सहा जागा वाचा

रुजू होताना मिळतं ते दोन पानी रंगीत पत्रक. दावा मंजूर-नामंजूर होतो तो मूळ पॉलिसीच्या अटींवर. एचआरला एवढी मेल पुरेशी आहे: ‘माझ्या ग्रुप मेडिक्लेमची अटींसह पूर्ण प्रत, ई-कार्ड आणि टीपीएचं नाव पाठवावं. ओपीडीची तरतूद असल्यास वार्षिक मर्यादाही कळवावी.’ टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे हाताळणारी संस्था. मेलमध्ये कारण सांगायची गरज नाही. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात ही मेल कोणीही करतो, त्यामुळे कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. हीच मेल दोन वर्षांनी अचानक गेली तर मनात उगाच धाकधूक राहते.

प्रत हातात आली की आधी ‘सायकियाट्रिक’ आणि ‘मेंटल’ हे दोन शब्द शोधा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम २१(४) सांगतं की शारीरिक आजाराला ज्या धर्तीवर विमा मिळतो, त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. हा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला आणि विमा नियामकानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सगळ्या विमा कंपन्यांना तसं कळवलं. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही मानसिक आजाराचा दावा नाकारणाऱ्या विमा कंपनीला हेच बजावलं. तेव्हा पॉलिसीत ‘मानसिक आजार वगळले आहेत’ असं वाक्य अजूनही दिसलं, तर एचआर आणि विमा ब्रोकरला लेखी विचारा. बऱ्याचदा ते जुन्या मसुद्यातून तसंच उतरलेलं असतं आणि नूतनीकरणाच्या वेळी काढून टाकता येतं.

पुढचा शब्द मर्यादा. विमा पाच लाखांचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. काही पॉलिसींत मानसिक आजारासाठी आतली वेगळी मर्यादा लावलेली असते, आणि ती एकूण रकमेच्या मानानं फारच तुटपुंजी असू शकते. दाखल झाल्यावर हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

तिसरी जागा खोलीभाड्याची, जिच्याकडे कोणी बघत नाही. समजा विमा तीन लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. तुम्ही ६,००० ची खोली घेतली तर फरकाचे ३,००० भरून सुटका होत नाही. डॉक्टरची फी, नर्सिंग असे खोलीच्या दर्जाशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे कापले जातात. मानसोपचारासाठी रुग्णालयातला मुक्काम दोन-तीन आठवडेही लांबू शकतो, त्यामुळे ही कात्री खोल जाते.

चौथी जागा ओपीडी. नैराश्य, चिंता, पॅनिक अटॅक यांचे बहुतेक उपचार दाखल न होता होतात, आणि साधा मेडिक्लेम चालतो २४ तासांहून जास्त दाखल झाल्यावर. म्हणजे दर महिन्याची तपासणी, गोळ्या आणि थेरपीची फी खिशातूनच जाते. ओपीडीची वेगळी तरतूद असेल तर तिच्यात मानसोपचारतज्ज्ञाची फी धरली आहे का, आणि समुपदेशनाची फी धरली आहे का, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असं असू शकतं. ओपीडी नसली तरी एक वाट आहे: दाखल होण्याआधीच्या ३० किंवा ६० दिवसांतले आणि सुटी मिळाल्यानंतरच्या ६० किंवा ९० दिवसांतले खर्च बहुतेक पॉलिसी देतात. त्या काळातली प्रत्येक चिठ्ठी आणि पावती जपून ठेवा.

पाचवी जागा व्यसनमुक्ती. दारू किंवा अमली पदार्थांच्या व्यसनावरचा उपचार ही विम्यातली नेहमीची वगळणूक आहे. नैराश्य आणि दारू दोन्ही असतील तर डिस्चार्जच्या कागदावर मुख्य निदान कोणतं लिहिलंय यावर दावा फिरतो. डॉक्टरांना खोटं लिहायला सांगू नका, पण दोन्ही निदानं पूर्ण लिहिली आहेत ना, हे सुटी घेण्याआधी बघा.

सहावी जागा रुग्णालयाची व्याख्या. मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी नसलेल्या ठिकाणी दाखल झालात तर दावा तिथेच अडकू शकतो. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका.

घरच्यांची नावं घालण्याची मुदत रुजू झाल्यापासून थोडेच दिवस असते. ती हुकली तर पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. मध्ये फक्त लग्न आणि बाळाचा जन्म एवढ्याच कारणांनी दार उघडतं.

पायरी ३: समुपदेशनाची सेवा

मोठ्या कंपन्या बाहेरच्या संस्थेशी करार करून कर्मचाऱ्यांना मोफत समुपदेशन देतात. तिला एम्प्लॉई असिस्टन्स प्रोग्राम, थोडक्यात ईएपी म्हणतात. इंट्रानेटवर ‘वेलनेस’ किंवा ‘बेनिफिट्स’ खाली तिचा नंबर सापडतो.

फोन लावल्यावर पहिल्यांदा बोलतो तो समुपदेशक असेलच असं नाही. आधी नोंद होते: कंपनीचं नाव, कधी कर्मचारी क्रमांक, थोडक्यात अडचण काय, आणि आत्ता जीवाला धोका आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यांना विचारतात, त्यानं बिचकू नका आणि उत्तर खरं द्या. याच वेळी तुमच्या अटी सांगायच्या: मराठीत बोलणारा समुपदेशक हवा, बाई हवी की पुरुष, संध्याकाळी सातनंतरची वेळ हवी. मनातलं मराठीतच मोकळेपणानं बोलता येत असेल तर इंग्रजीत रेटत राहू नका. सत्र पाऊण तास ते तासभराचं असतं, फोनवर, व्हिडिओवर किंवा समोरासमोर.

पहिल्याच फोनवर आणखी विचारून घ्या. मोफत सत्रं किती? ती वर्षाला की प्रत्येक अडचणीला? नवरा, बायको, आईवडील यांना वापरता येतात का? सत्रं संपली की त्याच समुपदेशकाकडे पैसे भरून जाता येतं का, आणि किती? सत्रं मोजकी असतात, आणि निम्मं रडून मोकळं झाल्यावर ती संपली तर माणूस अधांतरी राहतो. म्हणून दुसऱ्या सत्रातच ‘एवढ्या सत्रांत आपण नेमकं काय करणार आहोत?’ असं विचारा. चांगला समुपदेशक या प्रश्नानं दुखावत नाही.

गोपनीयतेची भीती खरी आहे आणि तिला नीट उत्तर आहे. कंपनीला किती जणांनी सेवा वापरली, कोणत्या प्रकारच्या अडचणी होत्या, एवढी गोळाबेरीज जाते. कोण काय बोललं ते जात नाही. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार बंधनकारक आहे. अपवाद ठरलेले आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाला धोका, लहान मुलावरचा अत्याचार, न्यायालयाचा आदेश. पहिल्या सत्रात समुपदेशकानं हे अपवाद स्वतःहून सांगायला हवेत. नाही सांगितले तर विचारा.

गळती होते ती बहुधा आपल्याच हातून. ऑफिसच्या लॅपटॉपवरून नोंदणी केली, ऑफिसच्या मेलवर आठवण आली, ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये ‘थेरपी’ असं लिहिलं आणि ते कॅलेंडर सगळ्या टीमला दिसत होतं. स्वतःचा फोन, स्वतःची मेल आणि स्वतःचं इंटरनेट वापरा. कंपनीनं दिलेल्या मूड नोंदवायच्या ॲपच्या बाबतीतही तेच. श्वसनाच्या व्यायामाला ठीक आहे, पण ऑफिसच्या मेलनं लॉगिन करून त्यात रोजनिशी लिहू नका.

मेडिक्लेमच्या दाव्याचं मात्र वेगळं आहे. काही ठिकाणी कंपनीकडे जाणाऱ्या दाव्यांच्या अहवालात कर्मचाऱ्याचं नाव आणि आजारही दिसतो. हा अहवाल कोण बघतं ते ब्रोकरला किंवा टीपीएला विचारा, आणि कागद एचआरच्या टेबलावर देण्याऐवजी थेट टीपीएच्या पोर्टलवर चढवा.

एका सत्रात जुळलं नाही तर समुपदेशक बदलून मागा. तो तुमचा हक्क आहे. ‘समुपदेशन आपल्याला लागू पडत नाही’ असं म्हणून पहिल्या सत्रानंतर सोडून देणं ही सगळ्यात वाईट वाट.

पायरी ४: कोणाकडे जायचं

समुपदेशक बोलून मदत करतो, औषध देत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसिक चाचण्या आणि थेरपी करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक तपासता येतो. मानसोपचारतज्ज्ञ हा एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषधं तोच लिहितो.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडली असेल, अंघोळ आणि जेवणसुद्धा ओझं वाटत असेल, कानात आवाज येत असतील, किंवा दोन-तीन तास झोपूनही अंगात अफाट जोर वाटत असेल, तर ईएपीची सत्रं संपण्याची वाट न बघता थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि गोव्यात बांबोळीला मनोविकार संस्था आहे.

डॉक्टरला तुमच्या कामाचं स्वरूप सांगाच. रात्रपाळी, मशीन, गाडी चालवणं, उंचावरचं काम. काही गोळ्यांनी सुरुवातीला पेंग येते, आणि वेळ किंवा औषध बदलून ते टाळता येतं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून स्वतःच्या मनानं त्या बंद करू नका.

पायरी ५: रजा

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ ज्यांना लागू आहे, त्यांना वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा मिळते. ती तिमाहीला जमा होते आणि वर्षअखेर संपते. वर्षात २४० दिवस काम झालं असेल तर पुढच्या वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. या कायद्यात आजारपणाची वेगळी रजा नाही. ती असेल तर कंपनीच्या नियमांत असते. कारखान्यांना कायदा वेगळा. अर्थात नव्या माणसाच्या खात्यात पहिल्या वर्षी फारसं काही नसतं, आणि प्रोबेशनमध्ये आजारपणाची रजा मिळते का हे नियुक्तीपत्रात बघावं लागतं.

हातात पाच-सहाच दिवस असतील तर ते एकेक करून उधळू नका. औषध सुरू होतं तेव्हाचा पहिला आठवडा सगळ्यात अवघड जातो, कारण त्रास तसाच असतो आणि वर पेंग किंवा मळमळ. रजा तिथे सलग लावा. पुढच्या तपासण्यांना अर्धा दिवस किंवा वेळेची सवलत मागा.

दाखल्यावर डॉक्टरची सही, नोंदणी क्रमांक, विश्रांती कधीपासून कधीपर्यंत, एवढं स्पष्ट हवं. निदान लिहायचं की ‘उपचार सुरू असून विश्रांतीची गरज आहे’ एवढंच, हे डॉक्टरशी आधी बोलून घ्या. मागच्या तारखेचा दाखला कधीही मागू नका. त्यानं तुमची बाजूच कमकुवत होते. कामावर परतताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो का, तेही त्याच भेटीत विचारा.

बाळंतपणानंतर मन खचणं हा आजार आहे, आणि २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेवर बाळंतपणातून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद आहे. डॉक्टरचा दाखला लागतो. ही तरतूद फार थोड्या जणींना माहीत असते.

पायरी ६: साहेबांशी बोलणं

आजाराचं नाव सांगणं बंधनकारक नाही. सांगायचं ते कामापुरतं, आणि मागायचं ते मोजून. ‘मला खूप ताण आहे’ या वाक्यावर मॅनेजरला काही करता येत नाही. त्याऐवजी असं बोलता येईल: ‘सर, माझे डॉक्टरांकडे उपचार सुरू आहेत. पुढचे सहा आठवडे दर बुधवारी चार ते साडेपाच मला वेळ लागेल. ते काम मी सकाळी लवकर येऊन पुरं करीन. तेवढे दिवस रात्रपाळी नको, अशी विनंती आहे.’ बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींची मेल टाका. मॅनेजर बदलतात, मेल राहते.

त्रासाचं मूळ कामातच असेल तर समुपदेशनानं ते सुटणार नाही, हे स्वच्छ ओळखायला हवं. दहा तासांचं काम रोज चौदा तास चालत असेल तर गरज माणसं वाढवण्याची आहे. तासांची नोंद ठेवा आणि ती घेऊन बोला. लैंगिक छळ असेल तर दार वेगळं आहे: दहा किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, तक्रार तीन महिन्यांत करायची असते, आणि चौकशी चालू असताना तक्रारदार महिलेला तिच्या नेहमीच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस समिती करू शकते.

पायरी ७: दावा अडला तर, आणि नोकरी सोडताना

कॅशलेसच्या, म्हणजे रुग्णालयाचं बिल विम्यातून थेट भरलं जाण्याच्या अर्जावर विमा कंपनीनं एका तासात निर्णय द्यायला हवा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत, असं विमा नियामकाचं २०२४ चं परिपत्रक सांगतं. दावा नाकारला तर पॉलिसीचं कोणतं कलम लावलं ते लेखी मागा. फोनवरचं ‘मेंटल कव्हर होत नाही’ हे उत्तर धरू नका. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, तिथे कलम २१(४) चा उल्लेख करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही. नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, फोन नंबर १५५२५५.

नोकरी सोडताना ग्रुप मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपतो. उपचार चालू असतील तर राजीनामा देण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आणि तिची मुदत विचारून घ्या. नव्या पॉलिसीच्या अर्जात चालू आजार आणि गोळ्या लपवू नका. जाहीर केलेल्या जुन्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिन्यांची असते आणि ती संपते, पण लपवलेल्या आजारावर दावाच फेटाळला जाऊ शकतो. ईएपीची सत्रं उरली असतील तर नोटीस पिरियडमध्ये वापरून टाका, आणि शेवटच्या दिवसाआधी गोळ्यांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल आणि डिस्चार्जचे कागद ऑफिसच्या मेलमधून स्वतःच्या मेलवर घ्या. लॅपटॉप परत दिल्यावर ती मेल उघडत नाही.